तालुक्याच्या आयटीआयसाठी सीएनसी यंत्र घ्यावे की हातकामाची सोय वाढवावी?

लेथवाला

आमच्या तालुक्यातील शासकीय आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर उद्योजक प्रतिनिधी म्हणून माझी अलीकडेच निवड झाली आहे. केंद्राच्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेतून प्रत्येक निवडक संस्थेला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले होते. त्यातील काही रक्कम आमच्याकडे शिल्लक असून तीतून एक सीएनसी टर्निंग यंत्र (धातूचा तुकडा फिरवून कापणारा, संगणकाच्या आज्ञांवर चालणारा लेथ) घ्यावे असा प्रस्ताव पुढे आला आहे. यंत्र दिसले की प्रवेश वाढतील, असे बहुतेक सदस्यांचे म्हणणे आहे.

माझी शंका वेगळी आहे. माझे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे, कामगार सात. फिटर ट्रेड उत्तीर्ण होऊन आलेला मुलगा मायक्रोमीटरचे (सूक्ष्म माप घेण्याच्या साधनाचे) रॅचेट, म्हणजे दाब ठराविक ठेवणारी टोकाची कळ, न वापरता थिंबलच, म्हणजे फिरवायची नळीच, नट आवळावा तसा आवळतो आणि मग आलेले माप छातीठोकपणे सांगतो. अशा मुलाला सीएनसीपुढे उभे करून काय साधणार? पैसा नेमका कोठे घालावा, आणि माझ्यासारख्या लहान वर्कशॉपला प्रशिक्षणात काही अधिकृत वाटा उचलता येतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त निदेशक

आपली शंका रास्त आहे. एका तुकडीत वीस प्रशिक्षणार्थी धरले आणि यंत्र दिवसाला सहा तास विनाखंड चालले असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अठरा मिनिटे येतात. प्रत्यक्षात यंत्र शिल्प निदेशक (प्रात्यक्षिक शिकवणारा शिक्षक) चालवतो आणि मुले खांद्यावरून डोकावतात. त्यानंतर इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती) संपतात, कूलंट (यंत्र थंड ठेवणारे द्रव) संपते, देखभालीचा करार नूतनीकरणाअभावी संपतो, आणि पाहुणे येण्यापूर्वी यंत्रावरचे प्लॅस्टिकचे आवरण तेवढे झटकले जाते.

समितीच्या पहिल्याच सभेत दोन गोष्टी विचारा. एक, मंजूर निदेशकांपैकी किती पदे भरलेली आहेत, आणि त्यांपैकी किती जण तासिका तत्त्वावर आहेत. तासिका तत्त्वावरील निदेशकाला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. हाताला वळण असलेला माणूस त्या पैशांत फार काळ टिकत नाही आणि कंपनीतून बोलावणे आले की निघून जातो, मग उरलेल्या निदेशकाकडे दोन-दोन तुकड्या येतात. दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. पहिल्या वर्षी फिटरने कानस चालवायची, हॅकसॉने कापायचे, काटकोन तपासायचा आणि एकमेकांत बसणारे चौकोनी नर-मादी जॉब करायचे असतात. एमएस फ्लॅट (मऊ पोलादाची पट्टी) वेळेवर आला नाही तर मुले जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा घासत बसतात. तो पातळ होत जातो, पण माप जुळवण्याचा सराव मुळीच होत नाही, कारण जुळवायला दुसरा भागच नसतो.

परीक्षेचाही यात वाटा आहे. लेखी परीक्षा आता संगणकावर, वस्तुनिष्ठ प्रश्नांची होते, त्यामुळे शेवटचे काही आठवडे प्रश्नसंच पाठ करण्यात जातात. आणि प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने दिले जातात, हे या क्षेत्रातला कोणी नाकारेल असे वाटत नाही. मायक्रोमीटर आवळणारा तो मुलगा अशाच गुणांवर आपल्याकडे आला आहे.

चाकणकर

निदेशक सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु सीएनसी बाजूलाच ठेवावे हे पटत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्यात मी प्रशिक्षण विभाग पाहतो, तेथे हाती चालवायचा लेथ केवळ देखभाल विभागात उरला आहे, आणि ज्याने जी-कोड (सीएनसी यंत्राला आज्ञा देण्याची भाषा) कधी पाहिलेला नाही तो मुलगा थेट पॅकिंगवर जातो. मात्र त्यासाठी संस्थेने यंत्रच विकत घेतले पाहिजे असे नाही. संगणकांवर सिम्युलेटर (यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली) बसवला तर वीसही जण एकाच वेळी प्रोग्रॅम लिहून चुका करू शकतात. प्रत्यक्ष यंत्राचा सराव २०१६ पासून असलेल्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीतून, म्हणजे काही महिने संस्थेत आणि काही महिने कारखान्यात, करता येतो. आपला जिल्हा मराठवाड्यात असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या साचे-हत्यारे बनवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राकडेही चौकशी करावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत: शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे, म्हणजे आपण पात्र आहात. विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र शासन देते.

करार करताना मात्र एक काळजी घ्या. वर्षभर एकाच प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) उभा केलेला शिकाऊ उमेदवार हा स्वस्त कामगार असतो, आणि असे कारखाने कमी नाहीत. मुलगा कोणत्या विभागात किती आठवडे राहील, याचा तक्ता आधीच मागून घ्यावा आणि निदेशकाने महिन्यातून एकदा तेथे जाऊन तो पडताळावा.

शिरूरची वाचक

कच्च्या मालाच्या प्रश्नाला आमच्या तालुक्यातील पाबळ येथे एक जुने उत्तर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती हे सारे करत करत शिकतात आणि गावाला लागणाऱ्या सेवा मोबदला घेऊन देतात. आयटीआयनेही जिल्हा परिषद शाळेची बाके, ग्रामपंचायतीचे फाटक, शेतकऱ्यांच्या मोटारींचे रिवाइंडिंग अशी कामे घेतली, तर लोखंड गिऱ्हाइकाचे आणि सराव मुलांचा होईल. बाक डगमगले तर शाळा ते परत पाठवते, आणि मग सढळ गुणांचा काही उपयोग नसतो. कोणते काम घ्यायचे हे मात्र निदेशकानेच ठरवावे. एकाच नमुन्याची शंभर बाके म्हणजे पुन्हा तोच प्रेस.

जाता जाता आणखी एक. दुसऱ्या पाळीतील मुली परतीची एसटी मिळत नाही म्हणून प्रवेश सोडतात. समितीने आगाराला पत्र लिहायला निधी लागत नाही.

लेथवाला

सर्वांचे आभार. निदेशकांची रिक्त पदे, कच्च्या मालासाठी वर्षाच्या आरंभीच राखीव रक्कम आणि सिम्युलेटर असे तीन विषय सभेपुढे ठेवतो. माझ्या वर्कशॉपसाठी एका शिकाऊ उमेदवाराची नोंदणीही करतो. कोणत्या संस्थेने सिम्युलेटर घेतला असल्यास, त्यातील सूचना मराठीत आहेत का आणि परवान्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात का, एवढे कृपया कळवावे.