बडोद्यात महाराष्ट्राच्या कार्डावर रेशन: दुकानदार "गुजरातचं कार्ड आणा" म्हणतो

प्रश्न (मकरपुरा_कट्टा):
नंदुरबार जिल्ह्यातलं एक कुटुंब सहा महिन्यांपासून मकरपुऱ्याजवळच्या साइटवर कामाला आहे. केशरी कार्डावर पाच नावं: गावी आई-वडील, इथे नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. कार्ड गावीच राहिलंय, मोबाइलमध्ये फक्त फोटो आहे. इथला दुकानदार सरळ परत पाठवतो. इथे धान्य घेतलं तर गावच्या म्हाताऱ्यांचं बंद होईल का? की गुजरातचं कार्डच काढून घ्यावं?

दांडियाबाजार_७:
गुजरातचं कार्ड लागत नाही. एका राज्याचं रेशन कार्ड दुसऱ्या राज्यातही चालवणारी 'एक देश, एक रेशन कार्ड' योजना देशात सुरू झाली तेच 9 ऑगस्ट 2019 ला दोन जोड्यांवर: आंध्र-तेलंगण आणि गुजरात-महाराष्ट्र. म्हणजे निदान बडोद्यात तरी "ही योजना नवीन आहे" ही सबब चालू नये.

आधी कार्डाचा प्रकार बघा. महाराष्ट्रात केशरी कार्ड दोन तऱ्हेचं असतं. अन्नसुरक्षा कायद्यात 'प्राधान्य कुटुंब' म्हणून नोंद असेल तर माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे यांना 25 किलो, तेही फुकट. नोंद नसेल तर ते कार्ड बडोद्यात काय, नंदुरबारलाही या योजनेत चालणार नाही. रंगावरून हे कळत नाही. 'मेरा राशन 2.0' ॲपमध्ये आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की प्रकार, हक्काचे किलो आणि आधीची उचल दिसते. (पिवळं अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, घराला 35 किलो.)

मूळ कार्ड हातात नको. दुकानातल्या मशीनवर बाहेरच्या राज्याच्या कार्डाचा वेगळा पर्याय असतो. तिथे कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक किंवा कुटुंबातल्या एकाचा आधार क्रमांक घालायचा आणि त्याच माणसाने बोट लावायचं. जुन्या कार्डावर हातानं लिहिलेला नंबर चालत नाही, बरेच जण तोच दाखवतात.

म्हाताऱ्यांचं बंद होत नाही. पण कोटा एकच, त्यामुळे वाटणी तुम्हालाच करावी लागते: इथे 15 सांगून घ्या, गावी 10 ठेवा. "सगळं द्या" म्हणालात तर 25 च्या 25 इथेच उठतात आणि गावच्या मशीनवर शून्य येतं. उलटंही होतं, म्हणून महिना लागण्याआधी गावी फोन करून ठरवा.

मकरपुरा_कट्टा:
आज पर्याय निवडायला लावला. कार्ड उघडलं! पण 25 ऐवजी 20 किलो दाखवतंय. आणि नवऱ्याचं बोट काही लागेना.

तोलकाटा:
5 किलो कमी म्हणजे एका नावाचं काहीतरी अडलंय, आणि मुलगी सहा वर्षांची आहे म्हटल्यावर शंका तिच्याच नावाची. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे घेतच नाहीत; पाच पूर्ण झाली की ते द्यायचे असतात. ठसेच नाहीत तर ई-केवायसी (रेशन कार्डावरच्या माणसाची आधारवरून पडताळणी) कशावर होणार? ती अडली की त्या नावाचं धान्य थांबू शकतं. आधार केंद्रात नेऊन बायोमेट्रिक अपडेट करा. 5 ते 7 वयात ते फुकट आहे. सातनंतरही राहिलं तर आधारच निष्क्रिय होऊ शकतं. अपडेट झाल्याचं कळल्यावरच ई-केवायसी करा. त्यासाठी गावी जायला नको, इथल्या रेशन दुकानातही होते. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवूनही होते, पण आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि राज्य निवडताना महाराष्ट्र निवडायचं, कारण कार्ड तिथलं आहे.

नवऱ्याचं बोट सिमेंट-चुन्यानं झिजलेलं असणार. अंगठ्याचा हट्ट नको, दहापैकी कुठलंही बोट चालतं. करंगळीशेजारचं सहसा कमी झिजलेलं असतं. हात धुऊन, पुसून, मग लावा. नाहीच जमलं तर बायकोचं लावा, तिचं आधार रेशन कार्डाला जोडलेलं असलं की पुरे.

दांडियाबाजार_७:
दुकानदाराबद्दल एक. त्याला माल त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबानं येतो. महिनाअखेरीस बाहेरचं कार्ड आलं की आपल्या गिऱ्हाइकाला कमी पडेल ही धास्ती असते, म्हणून नकार. पहिल्या पंधरवड्यात गेलात तर निम्मी कटकट वाचते. पावती मागा, तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत. धान्याचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. तरी अडवलं तर 14445 या टोल-फ्री नंबरवर सांगा, नाहीतर मामलतदार कचेरी.

आणि हो, गुजरात सरकार स्वतःच्या खर्चानं डाळ, मीठ देतं ते या कार्डावर मिळणार नाही. दुसऱ्या राज्यात कार्ड चालण्याची सोय (पोर्टेबिलिटी) फक्त केंद्राच्या गहू-तांदळापुरती.

सयाजीगंज_वाचक:
गुजरातचं कार्ड काढायची घाई करू नका. दोन राज्यांत एकच नाव चालत नाही, म्हणून आधी नंदुरबारला तहसीलच्या पुरवठा शाखेतून नावं कमी केल्याचा दाखला आणावा लागेल. इथे नवं कार्ड मिळालं तरी ते आपोआप अन्नसुरक्षेत बसत नाही, त्याचा अर्ज वेगळा. मधल्या काळात इकडचंही नाही, तिकडचंही नाही. शिवाय लाडकी बहीणसारख्या योजनेत महाराष्ट्राचं पिवळं-केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ती सोयही जाते. कायमचं बडोद्यात राहायचं ठरलं असेल तरच हे करा.

मुलीचं नाव शाळेत घातलंय का? गावच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये तसं स्पष्ट आहे. साइटवर इतरांची लहान मुलं असतील तर अंगणवाडीत 'पोषण ट्रॅकर' या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर गावची नोंद इथे हलवून मागा. आईचा आधार न्यायला सांगा, बाळाचा नसला तरी चालतं.