माँटरेची जुनी मातीची घरं बघायची आहेत, मदत हवी आहे

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या माँटरेला जातोय. बाबांचं लहानपण सोलापूरकडच्या धाब्याच्या घरात गेलं. त्यामुळे ‘अमेरिकेत मातीची घरं?’ म्हणून ते भलतेच खूश आहेत. मी एकदा घाईत जाऊन आलोय. जुन्या घरांच्या पायी फेरीसाठी फुटपाथमध्ये बसवलेल्या पिवळ्या गोल चकत्या बघत चालायचं, रस्ता आपोआप सापडतो. पण पूर्ण फेरी साधारण दोन मैलांची, आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात.

1846 च्या जुलैत, मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया घेताना, अमेरिकेचा झेंडा जिथे चढला ते कस्टम हाऊस (जुनं जकात कार्यालय) आणि लार्किन हाऊस (व्यापारी थॉमस लार्किनचं घर), एवढं तरी दाखवायचंच आहे. लार्किन हाऊसच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, वर लाकडी गॅलरी. खिडकीत हात घातला की भिंतीची जाडी कळते. बाबा तिथेच तासभर रमणार!

कुणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलंय का? गाडी कुठे लावली की कमी चालावं लागेल? मधे बसायला बाकं आहेत का? आणि कुठली घरं सध्या आतून बघता येतात? नुसत्या बंद दारासमोर फोटो काढून परत यायचं नाहीये.