मदत हवी आहे: अतिनील किरणांनी प्रकाशसंश्लेषण मंदावलं की पान नुसतं भाजलं?

मंडळी, लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने अतिनील किरण आणि प्रकाशसंश्लेषण हा विषय घेतलाय. श्रीखंडाच्या दोन डब्यांत मूग पेरले. मोडीत निघालेल्या वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही नळी नवऱ्याने चोकसकट काढून दिली. एक डबा बुटांच्या खोक्यात, रोज दोन तास नळीखाली. दुसरा खिडकीच्या काचेआड. चौथ्या दिवशी खोक्यातल्या पानांवर तांबूस चकाकी आली, व्हार्निशचा हात फिरवल्यासारखी. कडा आत वळल्या. मग पानं स्पिरिटमध्ये उकळून (गरम पाण्यात भांडं ठेवून, थेट आचेवर नाही) स्टार्च आहे का बघायला आयोडीन टाकलं (स्टार्च असेल तर काळंनिळं होतं). खिडकीतलं पान काळंनिळं झालं, खोक्यातलं नुसतं ठिपक्याठिपक्यांनी.

लेक खूश. पण बाई म्हणाल्या, "प्रकाशसंश्लेषण कमी झालं कशावरून? पान भाजलंय." हातात तीन आठवडे आहेत. नक्की काय मोजायचं?

जाताजाता: कालपासून तिचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपताहेत. जागरणाने असेल.

प्रतिसाद १
ताई, आधी नळी बंद. हे जागरण नव्हे! जंतू मारणारी ती नळी 254 नॅनोमीटरची असते. वेल्डिंगकडे बघितल्यावर काही तासांनी डोळे चुरचुरतात, तोच प्रकार दिसतोय. खोक्यात डोकावली असणार. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि नळीचं आवर्जून सांगा.

आता प्रयोग. बाईंचं बरोबर आहे. 280 च्या खालचे किरण, म्हणजे यूव्ही-सी, वातावरणातच अडतात. जमिनीवरच्या मुगाला ते कधी भेटतच नाहीत. त्याच्या वाट्याला 315 ते 400 मधले यूव्ही-ए येतात, आणि 315 च्या खालचे यूव्ही-बी अगदी थोडे.

दुसरी गोची खोक्याची. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारी पानातली यंत्रणा, फोटोसिस्टिम-2, यूव्ही-बीला हळवी असते: तिथला मँगनीजचा गाभा आणि डी-1 हे प्रथिन बिघडतं. पण पान बिघडलेलं डी-1 काढून नवं बसवत असतं, आणि त्याला उजेड लागतो. यूव्हीने दुखावलेला डीएनए जुळवणारं एक विकर तर चालतंच निळ्या उजेडावर. तुम्ही अंधारात मार दिलात, तेव्हा दुरुस्ती अडली आणि नुकसान फुगून दिसलं. शिवाय खिडकीतल्या डब्याला तो दोन तासांचा अंधार नव्हता, म्हणजे तुलनाही सरळ नाही.

प्रतिसाद २
यूव्ही वाढवू नका, उन्हातलं कमी करा. दोन्ही डबे गच्चीत ठेवा. एकावर साधं पातळ पारदर्शक पॉलिथिन (यूव्ही-बी बरंचसं जातं), दुसऱ्यावर लेझर प्रिंटरची पॉलिएस्टर ट्रान्सपरन्सी (यूव्ही-बी बहुतेक अडतं, उजेड जातो). अ‍ॅसिटेटची शीट नको, ती यूव्ही-बी जाऊ देते. बाजू उघड्या ठेवा, नाहीतर उकाड्याचाच प्रयोग होईल.

मोजायला आयोडीनपेक्षा चकत्या बऱ्या. पेपर पंचने पानाच्या दहा चकत्या पाडा, चिमूटभर खायच्या सोड्याच्या पाण्यात टाका. बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून, तोंड दाबून दट्ट्या ओढला की आतली हवा निघते आणि चकत्या बुडतात. मग उजेडात ठेवायचं. ऑक्सिजन धरला की एकेक वर येते. पाच वर यायला किती मिनिटं लागली ते लिहा.

करपलेली पानं मात्र मिळणार नाहीत. उन्हात वाढलेलं पान वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड भरून यूव्ही-बी बाहेरच अडवतं. उंचीही मोजा, यूव्ही-बी अडवलेली रोपं बऱ्याचदा उंच होतात.

मूळ धागाकर्ती
डॉक्टरांनी थेंब दिलेत, दोन दिवस गॉगल. नळी कपाटात, किल्ली माझ्याकडे. झेरॉक्सवाला शीट देताना विचारत होता, "काय छापायचंय?" मूग आज परत भिजत घातले. चकत्या पहिल्या जोडपानांच्या घ्यायच्या की त्रिदलाची (तीन पर्णिकांच्या पानाची) वाट बघू?

प्रतिसाद २
त्रिदलाची. आणि मधली शीर टाळून पंच करा, नाहीतर हवा निघता निघत नाही.