थंडीत पहाटेचं धावणं आणि जोर-बैठका: काय बदलावं?

अनगोळकर:
डिसेंबर लागला की पोटऱ्या धरतात. सध्या पहाटे साडेपाचला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात ५ किमी धावणं, मग ५० जोर, १०० बैठका. वेळ बदलू की क्रम?

तालीमवाला:
आधी वेळ बदला. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी गारठा सर्वांत जास्त, शिवाय पालापाचोळा जाळल्याचा धूर खालीच साचलेला.
मग घरातच १० मिनिटं अंग तापवा: घोटे, गुडघे, खांदे फिरवणं, जागच्या जागी चालणं, २० अर्ध्या बैठका, ४-५ संथ सूर्यनमस्कार. कपाळाला किंचित घाम आला की बाहेर पडा. पहिला किलोमीटर बोलता येईल इतक्याच वेगानं. पोटऱ्या ३० सेकंद ताणून धरायच्या त्या शेवटी. थंड स्नायू ओढलात तर दुखणं पदरात. जोर-बैठका धावल्यावरच, पण मध्ये गप्पा नकोत, अंग लगेच निवतं.

खानापूररोड:
जाड सुती स्वेटर घालून पळू नका की! घामानं भिजतो आणि तोच गार लागतो. आत पॉलिस्टरचा टी-शर्ट, वर पातळ जॅकेट, कानटोपी. थांबल्याबरोबर ओला बनियन बदला. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नका.

अनगोळकर:
वडीलही येतात, बीपीची गोळी चालू आहे.

तालीमवाला:
थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. त्यांना आठनंतर उन्हात चालवा. दम रोखून जोर अजिबात नको. छातीत दाटलं तर तिथंच थांबून थेट दवाखाना.