सायकल येते, पण रस्ता येत नाही! सांगलीत शिकवणारं कोणी आहे का?

कृष्णाकाठची:
वय ४६, मुक्काम विश्रामबाग. शाळेत असताना गावाकडं रोज सायकल मारायचे, त्यामुळं तोल वगैरेचा प्रश्न नाही. मधली पंचवीस वर्षं स्कूटीवर गेली. दिवाळीत ऑफिसला जायला म्हणून सायकल घेतली. ऑफिस काँग्रेस भवनाजवळ, अंतर तीन-चार किलोमीटर, आणि सांगलीत चढ कसला तो नाही. तरी सायकल जिन्याखालीच आहे.

झालं असं, की पहिल्याच आठवड्यात पुष्पराज चौकाच्या अलीकडं मला उजवीकडं वळायचं होतं. मागं कोण आहे बघायला मान वळवली, तर मानेबरोबर हँडलपण वळलं. मागून दुधाच्या किटल्या लावलेला मोटारसायकलवाला येत होता, त्यानं करकचून ब्रेक दाबला. एका किटलीचं झाकण उडून रस्त्यावर गरगरत राहिलं. "काकू, हात तरी दाखवायचा की ओ!" एवढंच म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण हात दाखवायचा तर तो हँडलवरनं काढायला लागतो, आणि घोडं तिथंच पेंड खातंय. स्कूटीवर हीच मी वडापच्या रिक्षांना कट मारून जाते!

भाची इंग्लंडला असते. तिकडं २००७ पासून शाळेतल्या पोरांना 'बायकेबिलिटी' नावाचं रीतसर शिक्षण देतात. आधी मोकळं मैदान, मग शांत रस्ते, मग गर्दीचे चौक, अशा तीन पायऱ्या. काही ठिकाणी मोठ्या माणसांनाही शिकवतात. आपल्याकडं ड्रायव्हिंग स्कूल गल्लोगल्ली, पण सायकलवर मागं राहून "आता हात दाखवा, आता वळा" असं सांगणारं कोणी? सायकल ग्रुप आहेत, पण ते पहाटे उठून पन्नास किलोमीटर हाणतात. मला फक्त ऑफिस गाठायचंय. फी देईन. (नवरा म्हणतो, "सायकलला क्लास?" त्याचं सोडा.)

भडंगप्रेमी:
क्लास कशाला, आरसा लावा सायकलला.

मिरजकर_काका:
आरसा लावाच, पण शेजारी येऊन ठेपलेला त्यात दिसत नाही. मान वळवायला शिकावंच लागतं. ताई, सकाळी नेमिनाथनगरला कल्पद्रुम मैदानावर जा. जमिनीवर पाय सहज टेकतील इतकी सीट खाली घ्या. चालवता चालवता उजवा हात मांडीवर ठेवा आणि मग मागं बघा. हात हँडलवर असला की खांदा फिरताना तोच हँडल ओढतो, तुमची मेख तिथं आहे. मागं कुणाला तरी उभं करून बोटं दाखवायला सांगा, किती ते न थांबता ओरडायचं. आठवडाभर एवढंच.

रस्त्यावर आल्यावर गटारीला चिकटू नका. कडेला उभ्या गाड्यांपासून एक मीटर तरी लांब, कारण आपण डावीकडनं जातो आणि ड्रायव्हरचा दरवाजा नेमका आपल्याच अंगावर उघडतो. माझं मनगट त्यातच गेलंय. पुष्पराजला सध्या वळूच नका. सरळ चौक ओलांडा, पलीकडं डाव्या कडेला उतरा, सायकल हातात धरून रस्ता पार करा. लाज कसली त्यात? आणि गळीत हंगामात माधवनगर रस्ता नकोच. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, वर टेप जोरात, तुमची घंटी कोण ऐकतंय?

कृष्णाकाठची:
काका, रविवारी नवऱ्यालाच मैदानात उभं केलं. त्यानं तीन बोटं दाखवली, मी "दोन" म्हणून ओरडले, पण हँडल सरळ राहिलं! आता चष्म्याचा नंबर बघून येते. मैदान जमेल असं वाटतंय, पण शांत रस्त्यावर मागं सायकल घेऊन येणारं माणूस अजून हवंच आहे. विश्रामबाग, शंभर फुटी भागातलं कोणी असेल तर कळवा. नवऱ्याला सायकल येत नाही, हे परवाच कळलं.