एसएसडीवर ट्रिम चालू करू की नको? लवकर सांगा

अडकित्ता
लॅपटॉप भयंकर हळू झालाय. ५०० जीबीची एसएसडी आहे, पाचसहा वर्षं जुनी. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मध्येच सगळं थिजतं, माउससुद्धा हलत नाही. एक मित्र म्हणतो ट्रिम चालू कर. दुसरा म्हणतो आत्ता हात लावू नकोस, पस्तावशील. कारण दोघंही सांगत नाहीत. करू की नको, एवढंच हवंय. लांबलचक लेखांच्या लिंका नकोत, आज रात्रीच उरकायचंय.

खटपट्या
करा. विषय संपला. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि 'एफएसयुटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' द्या. ० आलं तर ट्रिम चालू, १ आलं तर बंद. नावच उलटं असल्यामुळे ० बघून लोक उगाच घाबरतात. २००९ च्या विंडोज ७ पासून हे आपोआप चालू असतं.

पेंग्विनप्रेमी
खटपट्याशेठ, विंडोज आहे असं त्यांनी म्हटलंय कुठे?
धागाकर्ते, ओएस कोणती, फाइलसिस्टीम कोणती, डिस्क लॅपटॉपच्या आत आहे की यूएसबीच्या डबीत, आणि भरलीय किती? यूएसबीच्या कितीतरी डब्या ट्रिम पुढे पोचवतच नाहीत.

गप्पिष्ट
डीफ्रॅग करून बघा. माझं जुनं मशीन त्यानेच सुधारलं होतं.

खटपट्या
एसएसडीवर डीफ्रॅग? अहो, विखुरलेले तुकडे एकत्र लावायचा तो फिरत्या तबकडीचा इलाज. फाइलचे तुकडे कुठे पडलेत याचं एसएसडीला फारसं सोयरसुतक नसतं, फुकट लिहून लिहून झीज मात्र वाढते.

गप्पिष्ट
तबकडीच होती ती. पण सुधारलं होतं.

अडकित्ता
लिनक्स. ईएक्सटी४ बहुतेक. डिस्क आतच आहे. ९७% भरली होती, काल बरंच काही उडवलं, आता ६०% आहे. तरी तितकंच हळू! काल 'सुडो एफएसट्रिम' पण चालवलं, तर डिस्कार्ड सपोर्टेड नाही म्हणतं. म्हणजे डिस्कच भंगार ना?

पेंग्विनप्रेमी
भंगार कशाला? डिस्कार्ड म्हणजे ट्रिमच. हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही फाइल उडवता तेव्हा फाइलसिस्टीम फक्त आपल्या वहीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद करते. डिस्कला त्याचा पत्ता नसतो. तिच्या लेखी तो डेटा अजून जपायचा आहे. फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पण पुसायचं तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि एका ब्लॉकमध्ये शेकड्यांनी पानं असतात. त्यामुळे जागा करायची म्हणजे ब्लॉकमधली 'जपायची' पानं आधी दुसरीकडे हलवायची, मग ब्लॉक पुसायचा. तुमची डिस्क काल उडवलेला कचराही इमानेइतबारे हलवत बसलीय. ट्रिम म्हणजे 'ही पानं आता नकोत' असा तिला दिलेला निरोप. तुमच्याकडे तो निरोप वाटेत अडतोय.

'एलएसबीएलके -डी' (मोठा डी) चालवा आणि काय दिसतं ते इथे टाका. आणि डिस्क एन्क्रिप्टेड आहे का?

टिकाऊ
एवढी घाई करू नका. २०१५ मध्ये ट्रिममुळे सर्व्हरवरच्या फाइली खराब झाल्याचं प्रकरण गाजलं होतं. मी तेव्हापासून ट्रिम बंदच ठेवतो. डिस्क विकत घेतल्यावर वीस टक्के जागा पार्टिशन न करता सोडायची, हाच खरा मार्ग.

पेंग्विनप्रेमी
त्या प्रकरणाचा शेवटही सांगा ना. आधी खापर डिस्कवर फोडलं, नंतर दोष लिनक्स कर्नेलच्या रेडवाल्या (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरायच्या) कोडमध्ये निघाला आणि दुरुस्त झाला. यांच्याकडे एकच डिस्क आहे, रेडचा संबंध काय?

टिकाऊ
दुरुस्त झाला हे मलाही ठाऊक आहे. माझा विश्वास उडाला, तो दुरुस्त झाला नाही. (हलके घ्या.)

अडकित्ता
हो, लक्स एन्क्रिप्शन आहे, ते सांगायचं राहिलं. डिस्कच्या ओळीत ५१२बी आणि २जी दिसतंय, खाली क्रिप्टच्या ओळीत ० आणि ०.

पेंग्विनप्रेमी
सापडलं. ० म्हणजे तिथे ट्रिम नाही. डिस्कला ट्रिम येतं, मधला एन्क्रिप्शनचा थर ते खाली सोडत नाही. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये हे सर्रास असतं. क्रिप्टटॅब फाइलमध्ये त्या ओळीच्या पर्यायांत 'डिस्कार्ड' घाला, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टीम) नव्याने बनवा, रीबूट करा, मग 'एफएसट्रिम -व्ही' चालवा. पुढे आठवड्याला एकदा एफएसट्रिमचा टायमर आपोआप बघेल.

सावधराव
आणि एन्क्रिप्शन कशासाठी घेतलं होतं? डिस्कार्ड सोडलंत की डिस्क हातात पडणाऱ्याला कुठली जागा भरलेली आणि कुठली रिकामी, हे दिसतं. म्हणून तर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

पेंग्विनप्रेमी
दिसलं तर दिसलं, आतला मजकूर तर वाचता येत नाही. घरच्या लॅपटॉपला तेवढं पुरे.

सावधराव
ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. माझा प्रश्न निराळा आहे. अडकित्ता, दुसरा मित्र 'आत्ता' हात लावू नकोस म्हणाला. आत्ताच का? काल उडवण्याच्या भरात नको ते तर उडालं नाही ना?

अडकित्ता
...हो. फोटोंचा एक फोल्डर गेला. सहासात वर्षांचे आहेत. बॅकअप नाही. ते नंतर रिकव्हर करणारच होतो, म्हटलं आधी स्पीडचं बघू.

पेंग्विनप्रेमी
वरचं माझं काहीही करू नका! थांबा!

सावधराव
ट्रिम झाल्यावर ती जागा वाचायला गेलं की बहुतेक डिस्का नुसती शून्यं हातावर ठेवतात. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा. कालचं तुमचं एफएसट्रिम अडलं म्हणून फोटो अजून आत असण्याची आशा आहे. हे लिहिताय ते त्याच लॅपटॉपवरून का?

अडकित्ता
हो.

सावधराव
आधी तो बंद करा. ब्राउझर सतत काही ना काही लिहीत असतो, कदाचित तुमच्याच फोटोंवर. फोनवरून या.
मग लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) चालू करा. मोठी बाहेरची डिस्क लावा, डीडीरेस्क्यूने अख्ख्या एसएसडीची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) तिच्यावर घ्या. प्रतिमेवरचं लक्स पासवर्ड देऊन उघडा आणि त्यावर फोटोरेक चालवा. मूळ डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही. फाइलींची नावं परत मिळणार नाहीत. फोटोरेक फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून शोधतं, त्यामुळे तुकड्यांत विखुरलेल्या फाइली अर्धवट येतील.

खटपट्या
म्हणून विंडोज वापरावं, तिथे रिसायकल बिन असते.

पेंग्विनप्रेमी
लिनक्समध्येही कचरापेटी असते हो. टर्मिनलवरून 'आरएम' मारलं तर कुठलीच पेटी मध्ये येत नाही.

अडकित्ता
आरएमच मारलं होतं.

अडकित्ता (तीन दिवसांनी)
फोनवरून लिहितोय. प्रतिमा घेण्यातच एक रात्र गेली. फोटो जवळपास सगळे आले, पण नावं म्हणजे नुसते आकडे, आणि ब्राउझरमधली फुटकळ चित्रंही हजारोंनी त्यात मिसळलीत. व्हिडिओ बरेच अर्धवट आहेत. सावधराव, पुढच्या वेळी भेटलात तर पाया पडेन. आता करू का ट्रिम?

सावधराव
फोटो आणखी एका डिस्कवर उतरवलेत का?

अडकित्ता
कॉपी चालू आहे.

गप्पिष्ट
माझ्या पेनड्राइव्हलाही ट्रिम करता येईल का? की नवीन धागा काढू?