मदत हवी आहे : महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रासाठी अर्हता काय लिहावी?

रसायन_विजापूररोड : नमस्कार. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी समुपदेशन केंद्र सुरू करण्याचे ठरले असून जाहिरातीचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे या क्षेत्रातल्या पदव्यांची मला माहिती नाही. जागा एकच आहे आणि सोमवारी व्यवस्थापनाची बैठक आहे. मानसशास्त्रातील एम. ए. पुरेसे आहे, की एम. एस. डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झालेली व्यक्तीही चालेल? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच (मानसिक आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ) हवा, असा एका सदस्याचा आग्रह आहे. समुपदेशनाचे महत्त्व आम्हांला पटलेले आहे, तेव्हा कृपया त्यावर कोणी लिहू नये.

रेवणसिद्ध : विद्यार्थिसंख्या किती आहे? वसतिगृह आहे का? पद पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर? कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात आहे का? एवढे समजल्याशिवाय कोणी काय सांगणार?

रसायन_विजापूररोड : विद्यार्थी अडीच हजारांच्या आसपास आहेत, मुलींचे वसतिगृह आहे आणि पद पूर्णवेळ आहे. अर्हतेशी याचा संबंध मात्र माझ्या लक्षात आला नाही.

समुपदेशक_बार्शी : संबंध आहे, सर. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या सुकदेव साहा प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता (सोशल वर्कर) नेमायचा आहे आणि त्या व्यक्तीने बालकांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतल्याचे दाखवता आले पाहिजे. म्हणजे एम. ए. आणि एम. एस. डब्ल्यू. हे दोन्ही दरवाजे उघडे आहेत, अडसर आहे तो प्रशिक्षणाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नावाने काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी आजवर दोन वर्षांचे एम. फिल. हा रूढ मार्ग राहिला आहे. अशी व्यक्ती मिळाली तर उत्तमच. पण केवळ तिची वाट पाहत जागा रिकामी ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मनोपरिचारिका : मी मानसोपचार विभागात काम करते. निव्वळ पदवी पाहून नेमणूक करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. एम. ए. झालेल्या अनेक मुलामुलींनी चाचण्यांची नावे पाठ केलेली असतात, पण समोर कोणी रडू लागले तर काय करावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केल्याचे प्रमाणपत्र मागा आणि मुलाखतीत एखादा प्रसंग देऊन उत्तर ऐका.

एमए_मानसशास्त्र : हा सरसकट आरोप मला मान्य नाही. आमच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिके होती. उलट समाजकार्याच्या अभ्यासक्रमात व्यक्तिमत्त्वाचे मूल्यमापन कितीसे शिकवले जाते?

समुपदेशक_बार्शी : माझी पदवी समाजकार्याची आहे म्हणून उत्तर देतो. मुलगा वर्गात झोपतो, याचे कारण रात्रपाळीचा यंत्रमाग हे असेल, तर तेथे चाचणीपेक्षा त्याच्या घरी जाऊन येणारा माणूस उपयोगी पडतो.

साधक_सातरस्ता : पूर्वी समुपदेशक नव्हते, तरीही मुले शिकत होती. दररोज सकाळी अर्धा तास सामूहिक प्राणायाम घेतल्यास हा खर्च निश्चितच वाचेल.

मनोपरिचारिका : प्राणायाम अवश्य घ्यावा, परंतु ज्या मुलीने स्वतःला इजा करून घेतली आहे, तिला सकाळच्या सत्रात बसवून आपले काम संपले, असे कृपया समजू नये.

अक्कलकोटची : एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या मुलांची घरची भाषा कन्नड असते आणि काहींची दखनी. मन मोकळे करताना माणूस घरच्या भाषेत येतो. जाहिरातीत मराठीखेरीज यांपैकी एक भाषा येणाऱ्यास प्राधान्य द्या. शिवाय एस. टी.ने येणारी मुले दुपारनंतर थांबत नाहीत, तेव्हा केंद्राची वेळ सकाळची असावी.

एक_पालक : माझी मुलगी बारावीला असून नीटची तयारी करते. तिला रात्रभर झोप येत नाही. सोलापुरात कोणाला दाखवावे?

मनोपरिचारिका : सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात तिला घेऊन जा. बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. या धाग्यात तिच्याविषयी अधिक तपशील लिहू नका. रसायन सर, हाच क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावावा, असेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निर्देशांत आहे.

रसायन_विजापूररोड : भाषेचा मुद्दा घेतो. अर्हतेचे वाक्य आता जवळपास तयार आहे. कर्तव्यांच्या यादीत आमच्याकडे असे आहे : विद्यार्थ्यांचे समुपदेशन करणे, प्लेसमेंट कक्षाला साहाय्य करणे, आलेल्या विद्यार्थ्यांची नावे व कारणे यांचा मासिक अहवाल प्राचार्यांना देणे आणि आवश्यकतेनुसार पालकांना कळवणे. यात काही राहिले आहे का? कनिष्ठ महाविद्यालयही याच आवारात आहे आणि ती मुलेही येथेच येतील.

रेवणसिद्ध : काही राहिलेले नाही, उलट जास्तच झाले आहे. नावांचा अहवाल प्राचार्यांकडे जातो, हे कळल्यावर त्या खोलीत फक्त अभ्यासाचे वेळापत्रक विचारणारी मुले येतील.

समुपदेशक_बार्शी : हेच आधी सांगितले असते तर आमचा पदव्यांवरचा वाद टळला असता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, जिवाला धोका असल्यास त्याला अपवादही आहे. मात्र त्या कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत प्रत्येक महाविद्यालयीन समुपदेशक आपोआप बसत नाही. म्हणून गोपनीयतेची अट आणि तिचे अपवाद नेमणूकपत्रातच लिहा. मासिक अहवालात केवळ संख्या आणि तक्रारींचे ढोबळ प्रकार द्यावेत. पदवीचे बहुतेक विद्यार्थी सज्ञान असतात, त्यामुळे पालकांना परस्पर कळवण्याची सरसकट मुभा देता येणार नाही. अकरावी-बारावीची गोष्ट वेगळी आहे. १८ वर्षांखालील मुलीने किंवा मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थेची बदनामी हे कारण तेथे चालत नाही.

एमए_मानसशास्त्र : येथे मी बार्शीकरांशी सहमत आहे. आणखी एक : महाविद्यालयातल्याच एखाद्या विभागप्रमुखांना हे काम द्या, अशी सूचना बैठकीत येईल. जे अंतर्गत गुण देतात, त्यांच्यासमोर विद्यार्थी मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

रसायन_विजापूररोड : ती सूचना आलेलीच आहे. सुधारित वाक्य असे : “मानसशास्त्र अथवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण व देखरेखीखालील कामाचा अनुभव आवश्यक, तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्यास प्राधान्य.” प्लेसमेंटचे काम वगळले आहे. नावांच्या अहवालाबाबत मात्र प्राचार्य ऐकतील असे वाटत नाही.

मनोपरिचारिका : मग त्यांना उलट बाजूने विचारा. नावे आणि कारणे कार्यालयात आली, त्यानंतर एखादी दुर्घटना घडली, तर माहिती असूनही आपण काय केले, याचे उत्तर प्राचार्यांनाच द्यावे लागेल. हा मुद्दा सहसा लगेच कळतो. दुसरे म्हणजे, सोमवारपूर्वी मानसोपचार विभागाला भेटून कोणत्या विद्यार्थ्याला केव्हा आणि कोणाच्या सोबतीने पाठवायचे, हे लेखी ठरवून घ्या. तुमचा समुपदेशक संध्याकाळी घरी जाईल आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकेला रात्री प्रसंग ओढवला, तर तिच्या हातात तोच कागद असेल.